पडदेबघे भिकाजीपंत

माझं गाणं वर्षानुवर्षं न ऐकता पहिल्या रांगेत बसणारा असा एकच माणूस मला जन्मात भेटला. ठाण्याच्या कोर्टातले कारकून भिकाजीपंत. हल्लीची पोरं येतात, विजेच्या दिव्यांतली नाटकं बघितलेली, आणि मला विचारतात, "आजोबा, तुम्हाला किती वन्समोअर मिळायचे हो?" मिळायचे रे बाबा, रग्गड मिळायचे. पण ते देणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा आज डोळ्यांपुढं येत नाही. येतो तो ह्या न देणाऱ्याचा.

त्या काळी बायका रंगभूमीवर येत नसत. आमच्या संगीत मंडळीत नायिका मी. आवाज होता, नाकीडोळी नीटस होतो आणि शिष्टही होतो, उगाच लपवू कशाला! ठाण्यात आमचा पहिला खेळ लागला. वनात टाकून दिलेल्या राणीचं पद मी म्हणतोय, मांडव चिडीचूप, बायकांच्या बाजूनं हुंदके ऐकू येतायत, आणि पहिल्या रांगेतला एक किडकिडीत गृहस्थ, डोक्याला लाल पगडी, छत्री मांडीखाली दाबलेली, मला हातानं काहीतरी खुणावतोय. मला वाटलं, वा! दर्दी दिसतो, तान वाढवा म्हणतोय. वाढवली. हात आणखी जोरात हलायला लागला. आणखी वाढवली. माझा दम निघाला तेव्हा उमगलं की हा इसम मला बाजूला सरकायला सांगतोय. मी त्याच्या पडद्याच्या आड येत होतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला गाठायला निघणार तर तोच आमच्या बिऱ्हाडी हजर. वर मलाच दटावणी. "काल तुम्ही त्या उंबराच्या बुंध्यापुढून हलायला तयार नव्हतात. बुंध्यात काय आहे ते बघायचं राहून गेलं माझं."

"आणि गाणं?"

"गाणं चालू होतं की," ते म्हणाले.

मी संतापलो. तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पडदा आत्ता गुंडाळलेला असेल, नाही? जरा उलगडता येईल का?" मी साफ नाही म्हटलं.

भिकाजीपंतांना राग येत नसे, आणि दुसरं म्हणजे खोटं बोलता येत नसे. तळ्याच्या पाळीवर कुणी सहज "काय पंत, बरं आहे ना?" म्हटलं तर हे थांबून म्हणत, "नाही. पोटात गुबारा धरलाय, आणि काल घरात भांडण झालं." जेवायला बोलावणाऱ्या यजमानीणबाई चुकूनही "भाजी कशी झालीय" विचारत नसत, कारण खारट झाली असेल तर पंगतीदेखत "खारट" असं उत्तर यायचं. कोर्टातले वकील म्हणे ह्यांना बघून रस्ता बदलत. मी एकदा हौसेनं विचारलं, "पंत, मी राणी शोभतो का हो?" ते विचारात पडले. म्हणाले, "मी पाहिलं नाही तुमच्याकडं."

पाहायचे ते पडदे. आमच्याकडं राजवाडा, रस्ता, दरबार आणि वन असे चार पडदे होते. एका मोडलेल्या कंपनीचे आमच्या मालकांनी घेतलेले. आम्ही वर्षानुवर्षं त्यांच्यापुढं उभे राहून गळे काढले, पण त्यांत काय काय दडलंय ह्याची आम्हाला गंधवार्ता नव्हती. ती भिकाजीपंतांनी लावली. दरबाराच्या झुंबराला एक वटवाघूळ उलटं लोंबत होतं आणि त्याच्या कानात भिकबाळी होती. रस्त्याच्या पडद्यावर वाण्याच्या दुकानात तराजूच्या एका पारड्यात मांजर झोपलेलं होतं. राजवाड्याच्या गवाक्षातून एक दासी खाली वाकून पाहत होती आणि तिला मिशा होत्या, म्हणजे आम्हा साडीवाल्यांची टिंगल! "पुढचं सगळेच बघतात हो माधवराव," ते मला म्हणायचे, "मागचं कोण बघणार? ज्यानं काढलं त्याला वाटत असेल ना, कुणीतरी बघावं?"

आम्ही हसायचो. पडदेबघे पंत हे नाव आम्हीच ठेवलं. वेडा आहे बिचारा, असं मी चारचौघांत म्हणालोय. वेड कसलं होतं ते पुढं कळलं.

मग एकदा तो वनाचा खेळ पुन्हा लागला आणि त्याच पडद्यापुढं मी रडत होतो. राणीचं मूल हरवतं तो प्रवेश. आणि पहिल्या रांगेतून हसण्याचा आवाज! साधंसुधं हसणं नव्हे, पोट धरून, पगडी घसरेपर्यंत. लोकांनी "शू, शू" केलं. मांडवाबाहेर मी त्यांना गाठलं ते मारायच्याच तयारीनं. तर ह्यांच्या डोळ्यांत पाणी. "उंबरावर आमचे काका बसलेत हो! घुबड काढलंय, पण पगडी काकांची, आणि नाकाला तपकीर लागलीय! हरीचंच काम. हरी जिवंत आहे, माधवराव."

हरी म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. हातात कला होती, अभ्यासात लक्ष नव्हतं, आणि घरात सत्ता काकांची. काकांनी एकदा त्याची रंगांची भांडी परसात भिरकावली. त्यानंतर ठाण्यात आलेली एक नाटक कंपनी गेली आणि तिच्याबरोबर हरीही गेला. नाटकात गेलेल्या मुलाच्या नावानं काकांनी आंघोळ केली. पण आंघोळ करून कुणी मरत नाही, आणि हरीची बायको घरात होती. जानकी. हरी गेला तेव्हा ती जेमतेम नांदायला आलेली पोर.

आता ह्यात भानगड अशी, की परागंदा माणसाची बारा वर्षं काही खबर लागली नाही तर तो मेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. पुतळा जळला की बायको विधवा. मग न्हावी येणार, केस जाणार, कुंकू जाणार, आणि उरलेला जन्म अंधाऱ्या खोलीत आलवण नेसून काढायचा. आणि खबर लागली, तर बारा वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजायची. काका हे घरात उघड उघड बोलायचे. म्हणून भिकाजीपंत पडदे बघत. ठाण्याला, कल्याणला, कुठलीही मंडळी आली की पहिल्या रांगेत. भावाची खबर ते कापडावर शोधत होते, आणि मी मधे उभा राहून ताना घेत होतो!

वनाच्या पडद्यात त्यांना एकेक सापडत गेलं. हरणांच्या कळपात त्यांच्या आळीतला वाघ्या कुत्रा होता, डावा डोळा पांढरा पडलेला. आणि खाली विहिरीवर वीतभर उंचीची एक बाई. कमरेवर कळशी, कळशीला पोचा. सासरी आल्या दिवशी जानकीच्या हातून कळशी विहिरीच्या पायरीवर पडली होती, तो पोचा. बाईच्या नाकात नथ एवढी मोठी की हनुवटीला टेकलेली. लग्नात जानकीच्या चेहऱ्याला नथ फार मोठी झाली होती आणि हरी तिला त्यावरून चिडवायचा. मी त्या घरी जेवायला होतो तेव्हा भिकाजीपंतांनी हे पानावर बसून सांगितलं. भावजयीशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती, म्हणून सगळं भिंतीकडं तोंड करून. स्वयंपाकघरात काहीतरी भांडं पडलं आणि दाराआड कुणीतरी हसलं, तोंडात पदर कोंबून हसतात तसं. काका गरजले, "घरात बायका हसायला लागल्या का?" भिकाजीपंत म्हणाले, "हो."

पण काका काही कमी नव्हते. बारावं वर्ष सरत आलं तसं त्यांनी नेमकं बोट ठेवलं. "पडदा जुना, म्हणजे खबर जुनी. दहा वर्षांपूर्वी कुत्रा काढला असेल त्यानं. आज आहे कशावरून? रंग ओला असेल तर मला सांग." म्हणणं खरंच होतं. काकांनी भटजींना निरोप धाडला. न्हाव्यालाही सांगून ठेवलं. माजिवड्याच्या शेतावरच्या गड्याला पळसाची पानं आणायला सांगितलं, आणि गड्यानं ती आणून ओसरीवर ठेवलीसुद्धा. जानकी रोज ती ओसरी सारवत होती.

नेमके त्याच सुमारास आमचे पडदे कुजले. पावसाळ्यात ओल धरली आणि उंदरांनी उरलंसुरलं संपवलं. मालकांनी त्या मोडलेल्या कंपनीतलाच एक चितारी शोधून आणला, म्हणजे नवे पडदे हुबेहूब होतील. कल्याणला खाडीकाठच्या एका वखारीत काम सुरू झालं. मी धावत ठाण्याला गेलो. "पंत, चला. वनाचा पडदा रंगतोय. तुमच्या भावाच्या कंपनीतला चितारी आहे. काय सांगावं, तोच असेल!" तोच असेल, असं मी खरंच म्हणालो. भिकाजीपंतांनी पगडीसुद्धा नीट घातली नाही.

वखारीत पडदा जमिनीवर अंथरलेला होता, निम्माच झालेला. चितारी म्हणजे एक जाडा, पान खाणारा खानदेशी माणूस. तो हरी नव्हता. भिकाजीपंत त्याला नमस्कार करून थेट पडद्यावर ओणवे झाले. "वाघ्या!" ते ओरडले. "माधवराव, वाघ्या आहे! हरणांतच आहे!" आणि त्यांनी अंगठा कुत्र्याच्या पाठीवर टेकवून मला दाखवला. तांबडा, ओला रंग. तो म्हातारा होत आलेला कारकून वखारीत नाचायचाच काय तो राहिला होता. तसेच ओणव्यानं ते विहिरीकडं सरकले. तिथं थांबले. परत कुत्र्याकडं आले. परत विहिरीकडं. मग त्यांनी बोट कुत्र्याच्या डोळ्यापाशी नेलं.

"उजवा डोळा," ते म्हणाले.

मला काही कळेना. मी वाकून बघितलं. कुत्र्याचा उजवा डोळा पांढरा होता. विहिरीवरच्या बाईच्या नाकातली ती मोठी नथ उजव्या बाजूला होती. आपल्याकडची कुठली बाई उजव्या नाकात नथ घालते?

"हा कुत्रा तुम्ही कुठं बघितलात?" त्यांनी चिताऱ्याला विचारलं.

"मी कशाला बघू? खाक्यात व्हता." चिताऱ्यानं एक मळका कागद उचलून दाखवला. खाका म्हणजे चित्राच्या रेषांवर सुईनं भोकं पाडलेला कागद. तो कापडावर धरून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपके उमटतात. ठिपके जोडले की झालं चित्र. मूळ माणूस नसला तरी चालतं. "कोळशानं यका बाजूनं भोकं बुजली व्हती, म्हणून उलटा धरला. जंगलच हाये, उलटं काय अन् सुलटं काय!"

"खाका कुणाचा?"

"आमच्या हरीभाऊंचा. ब्येस माणूस. जळगावच्या मुक्कामात पटकी लागली, दोन दिवसांत गेले. माझ्या थोरल्याचा जन्म व्हायचा व्हता तवा." त्याचा थोरला बाहेर अंगणात नारळाच्या करवंट्यांत रंग कालवत होता. चांगला मोठा मुलगा होता.

म्हणजे आम्ही ठाण्यात पहिला खेळ लावला तेव्हाही हरी नव्हता. घुबडाला बघून भिकाजीपंत हसत होते तेव्हाही नव्हता. मला त्या चिताऱ्याचा गळा धरावासा वाटला. त्याचा काय दोष होता? पण वाटला.

भिकाजीपंत उठून खाडीवर गेले. मरणाची बातमी कानावर आली की अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ करायची, ही रीत. ते धोतर-अंगरख्यासकट पाण्यात उतरले. कमरेइतक्या पाण्यात गेल्यावर थांबले आणि त्यांनी उजवा हात वर केला. सरसात कालवलेला रंग तो, पाण्यानं लगेच धुऊन जातो. त्यांनी बुडी मारली. पगडी, डोकं, खांदे, सगळं पाण्याखाली गेलं आणि तांबडा अंगठा तेवढा पाण्याबाहेर उभा राहिला. जवळच एक आगरी होडीतून गवताच्या पेंढ्या उतरवत होता. तो म्हणाला, "काय वो भटजी, आंगठा कापला काय?" मला रडू फुटलं. रंगभूमीवर मी हजार वेळा रडलोय, पण असं कधी नाही.

कपडे वाळेपर्यंत आम्ही काठावर बसलो. मग त्यांनी विचारलं, "रंग ओला होता ना, माधवराव?"

"होता."

"मग झालं," ते म्हणाले.

ठाण्याला परतलो तर काका ओसरीवरच होते. पळसाची पानं कोपऱ्यात होती. भिकाजीपंतांनी अंगठा पुढं केला. काकांनी आपलं बोट ओलं करून त्यावर घासलं, रंग निघाला. "ओला होता?"

"मी हात लावला तेव्हा ओला होता."

"कुत्रा?"

"होता. हरणांतच."

"आपल्या हरीचाच कशावरून?"

"असा कुत्रा हरीशिवाय कोण काढणार, काका?"

ह्यात खोटं अक्षर एकही नव्हतं. काकांनी माझ्याकडं मान वळवली. "काय हो नाटकवाले?" मी म्हणालो, ओला होता, माझ्या धोतराला डाग पडलाय, हवा तर बघा. भिकाजीपंत खोटं बोलत नाहीत हे सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं, तेव्हा काकांनी आणखी काही विचारलं नाही. पानं गुरांपुढं टाकली. दाराआड बांगड्या वाजल्या. दहा दिवस भिकाजीपंत ताप आहे म्हणून दाढी न करता घोंगडीवर पडून होते. ताप खरंच आलेला होता, आणि सुतक पाळतोय म्हणून ते कुणाला सांगू शकत नव्हते.

पुढच्या मोसमात आम्ही परत ठाण्याला आलो. भिकाजीपंत पहिल्या रांगेत. छत्री मांडीखाली. आणि डोळे मिटलेले. मला वाटलं पेंगतायत, पण नाही, मान तालावर हलत होती. खेळ संपल्यावर येऊन म्हणाले, "माधवराव, तुमचं गाणं बरं आहे हो." एवढी वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते शब्द असे मिळाले. मला ते परत करून टाकावेसे वाटले.

आणि मग काकांनाच बुद्धी सुचली. म्हातारपणानं मऊ झाले होते थोडे. म्हणाले, "सुनेला एकदा न्या रे नाटकाला. नवऱ्याची खूण बघू दे डोळ्यांनी." भिकाजीपंत नको का म्हणतायत ते कुणाला कळेना, आणि कारण तर ते सांगू शकत नव्हते. जानकी जावेबरोबर आली. बायकांच्या बाजूला, पुढंच बसली. ठसठशीत कुंकू, आणि नाकात तीच लग्नातली मोठी नथ. इतक्या वर्षांनी ती चेहऱ्याला शोभत होती.

वनाचा पडदा उघडला. मी आत आलो तो सरळ विहिरीपुढं जाऊन उभा राहिलो. राणीनं चौफेर फिरत गायचं ते पद, मी जागचा हललो नाही. पेटीवाला डोळे वटारतोय, मालक विंगेतून हातवारे करतायत, मी ढिम्म. साडीचा पदर पसरून धरला. पहिल्या रांगेत भिकाजीपंतांनी डोळे उघडले होते. त्यांचा हात वर आला. त्याच हातानं ते मला एके काळी बाजूला सरकवत होते. आता तळवा माझ्याकडं करून, हलू नका, हलू नका, असं खुणावत होते. मी पद तीनदा म्हटलं. लोकांनी टाळ्या दिल्या. पण चौथ्यांदा कोण म्हणू देणार? शिपायाचं काम करणारा नट आला, त्यानं नाटकात होतं तसा माझा हात धरला आणि मला ओढून आत नेलं. विंगेतून मी जानकीकडं पाहिलं. ती मान थोडी पुढं काढून बसली होती. मग तिचा हात हळूच आपल्या नथीकडं गेला आणि तिथंच राहिला.

दुसऱ्या दिवशी आमचा मुक्काम हलायचा होता, थेट वऱ्हाडात. त्यानंतर मंडळी फुटली आणि मी ठाण्याला पुन्हा गेलो तो भिकाजीपंत गेल्यावरच. म्हणजे त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी. निरोप घ्यायला गेलो तर काकांनी पानावर बसवून घेतलं. भिकाजीपंत माझ्या शेजारी. भात कालवून तसाच ठेवलेला. त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता हे दिसतच होतं. आता जानकी दार लावून घेईल, नाहीतर हंबरडा फोडेल, आणि मग ओसरीवर पुन्हा पानं येतील, हेच दोघांच्याही मनात.

"काय गं सूनबाई," काकांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, "पाहिलंस का?"

दाराआड भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"पाहिलं, मामंजी," जानकी म्हणाली. आवाज अगदी सरळ. "वाघ्या आहे. कळशीचा पोचाही तसाच आहे." आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, "नथसुद्धा जागच्या जागी आहे."

भिकाजीपंतांची मान खाली गेली. काका त्यांच्याकडं बघत होते.

"हो," भिकाजीपंत म्हणाले, जन्मात पहिल्यांदा, "जागच्या जागी आहे."